रताळी लावायच्या रात्री

ईस्टर बेट, २८ ऑगस्ट

बाबा, जय भीम.

मी बरी हाय, वेळेवर जेवून राहिले. जळकोटला मूग निघाले का? आईचा गुडघा कसा हाय?

इथल्या जुन्या लाकडी पाट्यांवरची चित्रलिपी आज कुणालाच वाचता येत नाही. एका पाटीवरच्या चंद्रकोरी मोजून अभ्यासकांनी त्यात महिन्याच्या रात्री ओळखल्या. त्यातल्या काही खुणा रताळी लावायच्या रात्री सांगतात, असं मी तीन वर्षं मांडत होते.

काल हे सगळं इथल्या तेरेसाआजींना दाखवलं. त्या म्हणाल्या, "पोरी, वाचणारी माणसं गुलाम करून जहाजातून नेली. जी थोडी परतली, ती देवीची साथ घेऊन आली. सांगणारं कुणी उरलंच नाही. मग तुझं खरं कशावरून?"

लई रडले. आज सकाळी त्यावरचा शोधनिबंध मागे घेतला. मनाला हवं तेच मी त्या खुणांत वाचत होते. शिष्यवृत्ती बहुतेक जाईल. आईला एवढ्यात सांगू नका.

बाबा, फोनवर तुमचा आवाज खोल गेलेला वाटला. नांदेडच्या डॉक्टरांनी तपासणीनंतर काय सांगितलं? मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नका. असेल ते खरं कळवा.

तुमची लेक,
धम्मप्रिया