घडवलाच कशाला?

रविवार, ८ ऑक्टोबर

चिठ्ठी माहलॉनच्याच पुस्तकात निघाली! आमच्या पंथाची रीतच ती: सात जण, गाण्याची सात पुस्तकं, एकात चिठ्ठी — आणि माझा मुखदुर्बळ नवरा जन्मभराचा उपदेशक झाला. त्या ओझ्याच्या विचारानं सगळ्या बायका रडल्या. मी नाही. माझं रडून झालंय जूनमध्ये.

सोमवार, ९

पंधरा दिवसांनी पहिलं प्रवचन. कागद न घेता बोलायचं, सुरुवात सृष्टीच्या उत्पत्तीपासून.

"देवानं जीव का घडवले ते सांगावं लागेल," म्हणाला.

"सांगच! आपल्या बाळाला, रूबेनला चार दिवसांत परत न्यायचं होतं, तर घडवलाच कशाला?"

उठून गोठ्यात गेला. जाईना का!

गुरुवार, १२

नणंद आली होती, व्हर्ना. दिवस भरत आलेत तिचे. "रूबेनचे कपडे देतेस का गं?" तोंडावर नाही म्हटलं. मी ते अजून धुतलेलेसुद्धा नाहीत. त्याचा वास आहे त्यांना.

बुधवार, १८

माहलॉन गोठ्यात गाईंना प्रवचन देतोय. "देव एकटा होता, म्हणून..." मी दाराआडून ओरडले, "एकटं वाटलं तर कुत्रा पाळायचा!"

शनिवार, २१

त्याच्या हॅटमध्ये चिठोरा सापडला. चोरून लिहिलंय! "आपला महिमा गायला जावा म्हणून देवानं जीव घडवले." वा! फुशारकी नको म्हणून आम्हाला साधा फोटो काढू देत नाहीत, आणि देवाला कौतुक हवं? उद्या माहलॉन हे बोलला, तर सगळ्यांदेखत उठून घरी येणार. ठरलं म्हणजे ठरलं.

रविवार, २२

दाराजवळच बसले, शालसुद्धा काढली नाही. माहलॉन सहाव्या दिवसापर्यंत, देवानं माणूस घडवला तिथपर्यंत आला आणि अडकला. घामाघूम! (घरी येताना त्यानं सांगितलं — प्रवचनाआधी चिठोरा बघायला गेला, तर हातात बिशप अ‍ॅटलींची हॅट. सगळ्यांच्या सारख्याच काळ्या!)

शेवटी म्हणाला, "का घडवलं, मला माहीत नाही. आमचा रूबेन चार दिवस होता. गवत कापायचं टाकून मी त्याला बघत बसायचो. त्याच्याकडून मला काही नको होतं. देवालाही नुसतं बघायचंच असेल. एवढंच सुचतंय."

जूननंतर त्याच्या तोंडून रूबेनचं नाव आज पहिल्यांदा ऐकलं. मला वाटायचं, विसरला.

मी उठले नाही.

सोमवार, २३

धुण्याचा वार. रूबेनचे कपडे धुवून दोरीवर घातले. वाळले की व्हर्नाकडे. टोपरं मात्र न धुता ठेवलंय.