तीस अंडी आणि पाच खाचा

शिरूर,
८ ऑगस्ट १९९९

ती. मामांस,
सविनय जयभीम वि. वि.

पत्र आणि सोबतचं दौंड स्टेशनच्या वजनयंत्राचं तिकीट मिळालं. पाचवा महिना लागला तरी दीक्षाचं वजन सत्तेचाळीसच? मागच्या तिकिटावरही तेवढंच होतं. दोन्ही तिकिटं शेजारी ठेवून पाहिली, पण आकडा काही वाढला नाही.

पत्रास कारण की, बुलेटला मागचे नवे शॉकअप घेतले. कंपनीचे नव्हेत, नाना पेठेतून बाहेरचे घेतले. लांबच्या टूरला जाणारे लोक हेच बसवतात म्हणे. खालची कॉलर फिरवली की स्प्रिंग आवळते, अशा पाच खाचा आहेत. दीक्षाला पंधरा दिवस इकडे आणावं असं मनात आहे. डॉक्टरीणबाईंनी बेताच्या प्रवासाला नाही म्हटलेलं नाही. तिलाही आपल्या घराची ओढ लागली आहे आणि मला हे घर खायला उठतं.

तुमची खात्री पटावी म्हणून मी चाचणी घेतली. सणसवाडीच्या कारखान्यात क्वालिटीला असल्यामुळे तपासल्याशिवाय काही पुढे सोडायची सवय नाही. मागच्या सीटवर तीस अंड्यांचा ट्रे बांधून न्हावऱ्याला जाऊन आलो. जुन्या शॉकअपवर नऊ फुटली होती, नव्यावर चौदा फुटली! शेजारच्या कुशाबाई गल्लीला बुर्जी खिलवतायत आणि पुढची चाचणी कधी म्हणून विचारतायत. मला मात्र घास जात नाही. तुमचा जन्म रेल्वेच्या डब्यांखालच्या स्प्रिंगा तपासण्यात गेला. काय चुकतंय ते तुम्हीच सांगा.

मामींना जयभीम. आहे हा लोभ कमी होऊ देऊ नये, ही विनंती.

आपला,
सतीश


दौंड,
१५ ऑगस्ट १९९९

चि. सतीशराव यांस,
साहेबरावचा सप्रेम जयभीम व आशीर्वाद.

पत्र पोचलं. क्वालिटीवाल्यांनी दोन किलोसुद्धा न भरणारा ट्रे घेऊन स्प्रिंग तपासावी, याचं नवल वाटलं. ती स्प्रिंग धट्टाकट्टा माणूस आणि वर त्याचं सामान पेलायला केलेली. तिला ओझंच नसेल तर ती दबणार कशी? रिकामी वॅगन भरलेल्या वॅगनपेक्षा जास्त उडते, हे आमच्या यार्डातल्या साध्या खलाशी मजुरालाही ठाऊक असतं. आधी दीक्षाच्या वजनाएवढं पोतं बांधा, त्यावर अंडी ठेवा आणि मग खाच ठरवा.

पण एक स्पष्ट लिहितो, राग मानू नका. एकही अंडं फुटलं नाही तरी मी पोरीला त्या गाडीवर बसू देणार नाही. पहिलं गेलं तेव्हा नशीब म्हटलं. दुसऱ्या वेळी ती तुमच्या गाडीवरून दारात उतरली आणि रात्रीच आम्ही तिला दवाखान्यात नेली. चौथा महिना होता. ती गाडी नसती तर, हे माझ्या मनातून जात नाही. तुमच्या मामी तर बुलेटचा आवाज आला की आत निघून जातात. हे सगळं फोनवर बोललो असतो, पण फोन शेजारच्यांकडे, तिथे अर्धी कॉलनी कान देऊन बसलेली असते.

नवं तिकीट जोडलं आहे. सत्तेचाळीसच आहे. दूध, नाचणी, सगळं चालू आहे. मलाही झोप नाही.

बोललो ते विसरा, लोभ विसरू नका.

तुमचा,
साहेबराव


शिरूर,
२२ ऑगस्ट १९९९

प्रिय दीक्षा,
सप्रेम जयभीम.

मामांचं म्हणणं खरं निघालं. सत्तेचाळीस किलो ज्वारीचं पोतं बांधलं, त्यावर अंडी ठेवली. तिसऱ्या खाचेवर दोन फुटली, दुसऱ्या खाचेवर एकही नाही. तीसच्या तीस शाबूत घेऊन आलो. कुशाबाईंचा हिरमोड झाला. मला वाटलं होतं, आता उड्या माराव्यात एवढा आनंद होईल. पण गाडी लावून पायरीवर बसलो आणि रडू फुटलं.

तुला एक कधी सांगितलं नाही. मागच्या वर्षी तुमच्याकडच्या सीमाच्या हळदीला आपण दौंडला निघालो तेव्हा वरवंडच्या अलीकडचा तो स्पीडब्रेकर मला दिसला नाही. गाडी पन्नासच्या वर होती. आपण दोघंही सीटवरून उचललो गेलो आणि तू आई गं म्हणून माझा खांदा धरलास. रात्री दवाखान्यात मामांनी विचारलं, वाटेत काही झालं का. मी नाही म्हणालो. सव्वा वर्ष तो धक्का रोज बसतो. शॉकअप तुझ्यासाठी घेतले असं मी सगळ्यांना सांगतो, पण घेतले माझ्यासाठी, मन थाऱ्यावर यावं म्हणून.

मामांनी तुला पाठवू नये. त्यांचं बरोबर आहे. तू मला माफ केलं नाहीस तरी पत्र मात्र लिही.

तुझा,
सतीश


दौंड,
२८ ऑगस्ट १९९९

अहो,
सप्रेम जयभीम.

पत्र तीनदा वाचलं आणि तीनदा तुमचा राग आला. सव्वा वर्ष हे एकट्याने घेऊन बसलात? आता माझं ऐका. त्या दिवशी सकाळी शिरूरलाच, गाडीवर बसायच्या आधी, मला लाल दिसलं होतं. कंबरही धरली होती. मी सांगितलं नाही. हळद चुकेल ही एक भीती, आणि पहिल्या वेळी तुम्ही चार दिवस जेवला नव्हता ही दुसरी. पोटातलं सकाळीच सुटायला लागलं होतं. डॉक्टरीणबाई मला तेव्हाच म्हणाल्या होत्या, ही अंथरुणावर पडून राहिली असती तरी थांबलं नसतं.

मी गप्प राहिले, कारण सकाळचं लपवलं म्हणून तुम्ही बोलाल असं वाटलं. तुम्ही स्वतःलाच बोल लावून घेत असाल, हे डोक्यातच आलं नाही. माझं चुकलं हो.

हे सगळं काल आबांना सांगितलं. ते उठून बाहेर गेले आणि अंधार पडल्यावर आले. आईने ताट वाढलं तर म्हणाले, भूक न्हाई.

मी आता बाळंतपण होईपर्यंत इथेच राहते. गाडीची भीती म्हणून नव्हे, तुमच्या आणि आबांच्या जिवाला घोर नको म्हणून. तुम्ही रविवारी या. बुलेटवरूनच या. वजन साडेअठ्ठेचाळीस झालं आहे, तिकीट जोडते. पहिल्यांदाच वाढलं.

माझी माया आहेच, स्पीडब्रेकर बघून गाडी चालवण्याएवढी तरी तुमचीही असू द्या.

तुमची,
दीक्षा


दौंड,
६ मार्च २०००

चि. सतीशराव यांस,
साहेबरावचा सप्रेम जयभीम व आशीर्वाद.

लेकीला तिच्या घरी न्यायला येत्या रविवारी यावं. नात अडीच महिन्यांची झाली, आता अडवून ठेवायला आम्हाला सबब नाही. कॉलनीतल्या पप्पूची जीप सांगितली आहे. त्यात बाळ आणि तुमच्या मामी. तुम्ही बुलेटवर पुढे. दीक्षाने मात्र हट्ट धरला आहे, की वरवंडच्या अलीकडे ती जीपमधून उतरणार, तुमच्या मागे बसणार आणि तो स्पीडब्रेकर गाडीवरूनच ओलांडणार. मी नको म्हणालो नाही. निघण्याआधी मला एक फेरी मारून आणा, स्प्रिंग मी स्वतः बसून बघणार.

पंधरा ऑगस्टचं माझं पत्र अजून ठेवलं असेल तर फाडून टाका. पोरीने सगळं सांगितलं त्या संध्याकाळी मी यार्डात जाऊन बसलो होतो. तुम्ही रविवारी येत राहिलात, एका शब्दाने बोलला नाहीत, आणि मी मोठा असून मला तोंडाने माफी मागता आली नाही. म्हणून लिहून मागतो.

काल दोघींना घेऊन स्टेशनवर गेलो होतो. तिकीट जोडलं आहे. छप्पन्नचा आकडा बघून दचकू नका, दीक्षा तेवढी जाड झालेली नाही. एकट्या बाळाला ठेवलं तर यंत्र तिकीटच देईना. मग तिला उराशी धरून दीक्षा उभी राहिली. तिकीट एकच आलं, पण त्यात दोघी आहेत.

लोभ वाढवावा, वेग वाढवू नये.

तुमचा,
साहेबराव