दहापैकी तीन

सुनेने माझी वही वाचली आणि आपल्याला दहापैकी तीन गुण मिळाल्याचा समज करून घेतला, म्हणून हे मृत्युपत्र ठरवल्यापेक्षा लवकर लिहावे लागत आहे. मला मरणाची घाई नाही. ती येत्या एक तारखेला घर सोडणार आहे, घाई त्याची आहे.

मी, वय एकाहत्तर, चौतीस वर्षे शाळेत गणित शिकवलेली आणि आजही बाजारात 'गणिताच्या बाई' म्हणूनच ओळखली जाणारी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहीत आहे. उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झाल्यामुळे ओळी वर चढतात. बुद्धी सरळ आहे. मन ठिकाणावर आहे की नाही याच्या पुराव्यादाखल सतरा वह्या आहेत. त्यांचा खुलासा कलम चारमध्ये.

कलम १. तीन खोल्या, गच्चीचा जिना आणि कधीच न लागणारी मोरीची खिडकी यांसह हे घर मुलगा आणि सून यांना समसमान. ते इथे राहिले तरी आणि गेले तरी. ही लाच नाही. लाच द्यायची असती तर खिडकी आधी दुरुस्त केली असती.

कलम २. बँकेतली शिल्लक निम्मी मुलाला, निम्मी धाकट्या बहिणीला. बहिणीने पाचवीत माझी कंपासपेटी पळवली आणि अजून "मी नाही गं, ताई" म्हणते. तिच्या वाट्यासोबत एक रिकामी कंपासपेटी द्यावी. बोलू काही नये.

कलम ३. फळ्यावरचा लाकडी कंपास, दोन गुण्ये आणि मीटरपट्टी शाळेला. निरोपसमारंभात मिळालेले भिंतीवरचे घड्याळ मुख्याध्यापकांना परत. ते सात मिनिटे मागे चालते. मुख्याध्यापकही तसेच चालत. शेजारचे निवृत्त कंडक्टर कुंड्यांचे पाणी नेमके माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर सोडतात. त्यांना वही क्रमांक सहामधले निवडुंगाचे चित्र चौकटीत घालून द्यावे. आवडेल त्यांना. ते आपणच आहोत हे त्यांच्या लक्षात येणार नाही.

कलम ४. वह्या. यजमान बस डेपोत गाड्यांचे वेळापत्रक लावत. स्वतः मात्र वेळेच्या आधी सुटले. मी रडले नाही. फक्त बाहेर पडताना दाराचे कुलूप सात सात वेळा ओढून पाहू लागले. एके दिवशी कडीच हातात आली. आमच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "बाई, यांच्यासोबत एक वहीही घ्या. रोज एक पान. लिहा, रंगवा, कागद फाडून चिकटवा. मनात येईल ते."

"किती गुणांचं?"

"गुण नसतात, बाई."

"मग तपासायचं कसं?"

डॉक्टर माझेच विद्यार्थी. त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. अवघड प्रश्न वर्गातही असेच टाळत.

दवाखान्याच्या वरच्या खोलीत दर गुरुवारी अशा वहीवाल्यांचा गट जमतो. तो चालवणाऱ्या बाईंना सगळे रंगताई म्हणतात. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "इथे चूक-बरोबर काही नसतं, आणि खोडरबर आणायचं नाही." चौतीस वर्षांच्या नोकरीत माझा असा अपमान कोणी केला नव्हता. मी खोडरबर रुमालात लपवून नेऊ लागले. आपले मन प्राणी म्हणून काढा, असे सांगितले तेव्हा मी कोंबडी काढली. शेजारी बसलेले शिंपी म्हणाले, "वा! किटली झकास आलीय." पुढच्या गुरुवारी दुःख काढायचे होते. मी आयत काढला आणि लांबी-रुंदी लिहिली. रंगताईंनी वही आडवी-उभी फिरवून पाहिली. मग म्हणाल्या, "क्षेत्रफळ नाही काढलंत?" त्या दिवसापासून मी त्यांना मानते.

घरी आल्यावर मात्र मी प्रत्येक पान लाल पेनाने तपासू लागले. सवयीला औषध नाही. आता हे नीट वाचावे, कारण सगळा घोटाळा इथेच आहे. ते गुण चित्राचे नाहीत, आणि पान ज्याच्यावर आहे त्याचे तर नाहीतच. ते गुण माझे आहेत, खरे लिहिण्याबद्दलचे. निवडुंगाच्या पानाला नऊ आहेत. त्यावरून कंडक्टर नऊ गुणांचे आहेत असे कोणी समजू नये.

'यजमान' या मथळ्याचे पान अकरा वेळा कोरे राहिले. अकराही वेळा शून्य. बाराव्या वेळी मी त्यांच्या चपला काढल्या. दोन्ही डाव्या पायाच्या झाल्या, मला उजवा पाय जमत नाही. ते पान ओले झाले, रंग पसरला. दहापैकी दहा. सतरा वह्यांत एकदाच. त्यानंतर मी कुलूप दोनदाच ओढते.

कलम ५. सून. ती रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. तिच्या हातून आजवर एकही बाटली दुसऱ्याच्या नावावर गेलेली नाही. माझ्या डोळ्यात दिवसातून सहा वेळा तीच थेंब घालते. थेंबांच्या वेळांचा कागद मी नेहमीप्रमाणे वहीत चिकटवून ठेवला होता. तो शोधताना तिच्यासमोर 'सून' हे पान आले. बंद कपाटाचे चित्र. खाली मजकूर: "सून चांगली आहे. व्यवस्थित आहे. काही तक्रार नाही." त्याखाली लाल शाईत: "३/१०. वरवरचे काम. मेहनत दिसत नाही."

तिने वही जागच्या जागी ठेवली. थेंबही वेळेवर घातला. दुपारी चहाचा कप आपटून म्हणाली, "घ्या आई, तीन गुणांचा चहा."

मी म्हटले, "साखर कमी आहे."

"मग अडीच द्या."

हा चहा आठ दिवस चालला. नवव्या दिवशी तिने दुसऱ्या गावच्या शाखेत बदलीसाठी अर्ज दिला आणि वाण्याकडून चार रिकामी खोकी आणली. आता ती मला फक्त "वर बघा" म्हणते. मुलगा दोन्हीकडे फिरतो. मला म्हणाला, "आई, तू सरळ बोल ना तिच्याशी! दोन वाक्यं!"

"निकालावर मी कधी पालकांशी चर्चा केली नाही."

"ती पालक नाही, आई. ती रडतेय."

एवढे बोलून तो खोक्यावर बसला, आणि खोके चेपले.

म्हणून मी ते पान पुन्हा केले. एका डोळ्याने. या वेळी पापणी खाली ओढणारे तिचे हात काढले, ज्यांना स्पिरिटचा वास येतो. खाली लिहिले ते असे: "ही घरात आली तेव्हा सगळे इतके नीट करू लागली की मला वाटले, आता माझे काम संपले. म्हणून मी तिचे कौतुक तोंडावर कधी केले नाही. हिच्या हाताखाली डोळा उघडा ठेवताना मला भीती वाटत नाही. ही गेली तर मी कुलूप पुन्हा सात वेळा ओढीन." या पानाला मी गुण दिलेले नाहीत. आपल्याच उत्तरपत्रिकेचा परीक्षक आपण नसावे, हा नियम मला निवृत्तीनंतर तेरा वर्षांनी आठवला.

सबब, निवडुंगाचे पान वगळून, सतराही वह्या सुनेला. मेल्यावर नाही, आजच. लाल पेनही तिलाच. तिने वाचाव्यात, जाळाव्यात किंवा टेबलाचा पाय समतल करायला वापराव्यात. माझी हरकत नाही. (थोडी आहे.)

कलम ६. अंमलबजावणी भाचीने करावी. ती वकील आहे आणि भांडकुदळ आहे, दोन्ही उपयोगी पडेल. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये हे मला माहीत आहे, त्यामुळे रंगताईंना कोंबडी देता येत नाही. तीही तशी किटलीच आहे.

हे मी वाचून पाहिले, शुद्धलेखनाच्या दोन चुका सुधारल्या आणि दोघा साक्षीदारांसमोर सही केली.

(सही) गणिताच्या बाई

साक्षीदार १: (सही) डॉक्टर. बाई शुद्धीत आहेत. सही करताना माझे अक्षर सुधारायला सांगितले.
साक्षीदार २: (सही) रंगताई. खोडरबराचे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते.

ठिकाण: दवाखान्याच्या वरची खोली
दिनांक: चौदा, गुरुवार

हस्तांतराची नोंद (सुनेच्या अक्षरात)

त्याच दिवशी, सायंकाळी पावणेसहा, राहत्या घरी.
वह्या: सतरा, क्रमांक तपासून घेतल्या. लाल पेन: एक, चालू स्थितीत.
पुन्हा केलेले पान वाचले. दोनदा. शेरा: दोन्ही हात डावे काढले आहेत. गुण: निकाल राखून ठेवला आहे.
वह्या वाण्याच्या खोक्यांत भरून माळ्यावर ठेवल्या. तीन खोकी भरली, चौथे चेपलेले आहे. त्यामुळे सामान बांधायला खोके उरलेले नाही.
सहाचा थेंब बाकी आहे. आई, वर बघा.