गाण्याबद्दलचं एकच वाक्य

४ फेब्रुवारी

— आणि दूध गॅसवर होतं. कणीक भिजवून झाकली होती, कुकरची दुसरी शिट्टी व्हायची होती, आणि मी एक डोळा पातेल्यावर ठेवून आमच्या भोपाळच्या मराठी मंडळाची स्मरणिका चाळत होते. ह्यांना जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. 'कृतज्ञ स्मरण' सदरात ह्यांचा फोटो होता. उन्हामुळे डोळे बारीक केलेत, त्याला लोक हसरा चेहरा म्हणतात. खाली लिहिलं होतं : 'हसतमुख, मनमिळाऊ, परोपकारी असे आमचे अरविंदराव सुरेल गात असत आणि ऐकणारे भान विसरून जात.'

मी हसले. मोठ्यानं. तीन महिन्यांत पहिल्यांदा. तेवढ्यात दूध उतू गेलं आणि शेगडी घासण्यात दहा वाजले.

हे आणि गाणं! आरतीलासुद्धा नुसत्या टाळ्या वाजवायचे, ओठ घट्ट मिटून. मी इस्त्री करताना काही गुणगुणले तर आतून विचारायचे, "रेडिओ चालू राहिलाय का?" अडतीस वर्षं एका घरात राहिले मी ह्यांच्याबरोबर. मला माहीत नाही का?

तीन वर्षांपूर्वीची ती सकाळ आज आठवली ती गौरी मॅडममुळे. पुण्याहून त्या आमचा संपादनाचा वर्ग घेतात, कॉम्प्युटरवर. अकरा विद्यार्थी, अकरा चौकोन, सगळ्यांत पांढऱ्या केसांचा चौकोन माझा. मॅडम म्हणाल्या, "शेवटचा प्रकल्प प्रत्यक्षातला हवा. खरा मजकूर, खरा लेखक, आणि खरंच छापलं जाणार असं काहीतरी. दहा दिवसांत निवडा."

खरा मजकूर म्हटल्याबरोबर मला नेमकं ते खोटं वाक्य आठवलं.

६ फेब्रुवारी

योगिनी शाहपुऱ्याहून पोहे-जिलबी घेऊन आली. माझ्या प्रकल्पाची माझ्यापेक्षा तिलाच काळजी. म्हणाली, "आई, मंडळाच्या बायकांची ती पाककृतींची वही घे. सेफ आहे. कोई बुरा नहीं मानेगा."

वही काढली. साठ कृती. प्रत्येकीत चवीपुरतं मीठ, अंदाजानं पाणी आणि 'नेहमीसारखं परता'. ज्याला नेहमीसारखं परतता येतं त्याला पुस्तक कशाला लागतंय?

८ फेब्रुवारी

गौरी मॅडमना पाककृतींचं सांगितलं. म्हणाल्या, "चालेल. पण सुमित्राताई, वर्गात माझ्या चुका काढताना तुम्ही जेवढ्या रंगात येता, तेवढं रंगात यावं असं काहीतरी शोधा ना."

चुका मी दोनच काढल्यात. तिसरी सांगितली नाही.

९ फेब्रुवारी

नीळकंठरावांचा फोन. हे कारखान्यात होते तेव्हा नीळकंठराव ह्यांचे वरिष्ठ. आता एक्क्याऐंशीचे आहेत, पिपलानीत, कारखान्याच्या वसाहतीत, मुलाच्या क्वार्टरमध्ये राहतात. मंडळाला यंदा पन्नास वर्षं होतात म्हणून पुस्तक निघणार आहे — 'आपली माणसं'. आजवरच्या सगळ्या स्मरणिकांतली 'कृतज्ञ स्मरणं' एकत्र. लेखक अर्थात नीळकंठराव. कोणी गेलं की पान त्यांनीच लिहायचं हे पहिल्या वर्षापासून ठरलेलं.

"वहिनी, तुम्ही तो कोर्स करता म्हणे. जरा काना-मात्रा पाहून द्या. बाकी हात लावू नका. चांगलं लिहिलंय मी."

हो म्हणून टाकलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की ते पान आता पक्क्या बांधणीत छापलं जाणार. स्मरणिका रद्दीत जाते. पुस्तक कपाटात राहतं.

११ फेब्रुवारी

सगळी पानं आली. माणसं त्रेचाळीस. मी खुणा करत गेले.

हसतमुख — एकतीस. ह्यांतल्या निदान वीस जणांना मी स्वतः पाहिलंय. कोणी इतकं हसत असतं तर पिपलानीत कळलं असतं.

मनमिळाऊ — छत्तीस. त्यात एकमेकांशी अकरा वर्षं न बोललेले दोन शेजारीही आहेत.

'त्यांच्या जाण्याने निर्माण झालेली पोकळी' — सगळे. नुसत्या पोकळ्याच पोकळ्या. चालायला जागा नाही.

हसता हसता सदतिसाव्या माणसापर्यंत आले आणि पुढच्या खुणा न हसता केल्या. अडतिसावे हे.

१३ फेब्रुवारी

सापडलं! आठवं पान, मनोहर हरदास. 'असे आमचे मनोहरराव सुरेल गात असत आणि ऐकणारे भान विसरून जात.' शब्दाला शब्द. आणि हरदास खरंच गायचे. गणपतीत त्यांचं भजन सुरू झालं की बायका भांडी टाकून यायच्या.

म्हणजे जुनं पान पुढ्यात घेऊन नीळकंठरावांनी नाव बदललं आणि गाणं काढायचं राहिलं. एवढंच. दुसऱ्याच्या गळ्यानं तीन वर्षं गातायत बिचारे.

प्रकल्प ठरला. गौरी मॅडमना कळवलं.

१४ फेब्रुवारी

मॅडमनी होकार दिला आणि एक अट घातली. "शब्द कापा, वाक्यं कापा. पण तथ्य बदलायचं असेल तर लेखकाला विचारायचं, आणि आणखी एका माणसाला. समासात तशी नोंद करायची."

मी लिहिलं, मीच त्यांची बायको आहे.

उत्तर आलं : "तुमची आठवण हा पुरावा नाही, सुमित्राताई. इथे तुम्ही संपादक आहात."

बत्तीस वर्षांची पोरगी. बरोबर आहे तिचं. राग आलाच.

१९ फेब्रुवारी

बस पकडून पिपलानीला गेले. आमच्या नेहरू नगरहून म्हणजे अर्धं भोपाळ पाहून होतं.

नीळकंठराव व्हरांड्यात उन्हाला बसले होते. पेन्सिलीच्या खुणा पाहून चष्मा काढला, पुसला, परत लावला. "काहून बाप्पा, वहिनी? माझी त्रेचाळीस माणसं एकदा मेली होती, तुम्ही पुन्हा मारली."

म्हटलं, "एकतीस हसतमुख आहेत, नीळकंठराव."

"मग काय चिडखोर लिहू? खरं लिहिलं की पुढच्या वर्षी त्या घरचं कोणी आरतीला येत नाही. हे माझं पन्नास वर्षांचं निरीक्षण आहे."

सुनेनं चहा आणला. अर्ध्या हसतमुखांवर तडजोड झाली. पोकळ्या तीन ठेवायच्या ठरल्या, त्याही वेगवेगळ्या ठिकाणी. मग मी अडतिसावं पान काढलं. बाजूला आठवं ठेवलं.

त्यांनी दोन्ही वाचली. मला वाटलं, आता ओशाळतील. कसलं काय! म्हणाले, "हो. वाक्य हरदासचंच आहे. गाण्याबद्दल माझ्याकडे एकच वाक्य आहे, तेच दोघांना लावलं."

"पण हे कुठे गायचे?"

"कारखान्यात. मोटर चाचणीला लावली की चार-चार तास चालायची. शेजारचा ओरडला तरी ऐकू येऊ नये असा आवाज. तेव्हा अरविंद गायचा. उभा राहून, मीटरकडे पाहत."

"घरी कधी गायले नाहीत."

"घरी ऐकू येतं ना."

मी पानं गोळा केली. बसमध्ये सबंध वाट मनात एकच — चूक पकडली गेली की म्हातारी माणसं गोष्ट रचतात. नीळकंठरावांनी लगेच रचली. हुशार आहेत.

२० फेब्रुवारी

घरी ऐकू येतं ना, म्हणे.

२२ फेब्रुवारी

योगिनीला फोनवर सांगितलं. ती इतकी हसली की ऑफिसमध्ये कोणीतरी तिला पाणी आणून दिलं. "बाबा? गाना? आई, बाबा तो स्कूटर का हॉर्न भी नहीं बजाते थे!"

खरंच नाही वाजवायचे. समोरचा बाजूला होईपर्यंत स्कूटर थांबवून वाट पाहायचे. एकदा गाईमुळे सिनेमा अर्धा चुकला.

२५ फेब्रुवारी

बेचाळीस पानं झाली. गौरी मॅडम खूश. 'अडतिसावं राहिलंय का?' म्हणून विचारलं. म्हटलं, दुसरा माणूस सापडत नाही.

खोटं बोलले. नीळकंठरावांनी निघतानाच नंबर दिला होता — अंबरीश. ह्यांच्या हाताखाली शिकाऊ म्हणून लागला, सहा वर्षं त्याच शेडमध्ये होता. पहिल्या पगाराचे पेढे घेऊन आमच्याकडे आला होता. आता झाशीला असतो. नंबर चहाच्या डब्याखाली ठेवलाय. रोज डबा उचलते, पुसते, परत ठेवते.

२८ फेब्रुवारी

पेपरात बांधून आलेल्या साबुदाण्याचा कागदसुद्धा मी वाचल्याशिवाय टाकला नाही कधी. दहावीनंतर शाळा सुटली, पण वाचणं सुटलं नाही. मंडळाच्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडेच असायची. हे म्हणायचे, "तुझ्या नजरेतून काही सुटत नाही." कौतुक होतं की तक्रार, ते कधी कळलं नाही.

खोटं निघालं तर काही अवघड नाही. वाक्य जाईल, पान स्वच्छ होईल, आणि मला माहीत होते तेवढेच हे उरतील. मी तेवढ्यावर तीन वर्षं काढलीत. त्यांचा चहाचा कप, त्यांची बाजू, त्यांचं न बोलणं — सगळ्याची सवय झालीय.

खरं निघालं तर एवढे दिवस त्या वाक्यावर जी हसत होते, ती मी कोण?

१ मार्च

गौरी मॅडमचं एका ओळीचं पत्र. 'सहा तारखेला पानं छापखान्यात जाणार ना?'

हो. जाणार.

४ मार्च

सकाळचं सगळं आवरलं. डबा उचलला. पुसला. फोन केला.

"काकू!" अंबरीशनं लगेच ओळखलं. योगिनी कशी आहे, गुडघे कसे आहेत, सगळं विचारून झालं. मग मी विचारलं. संपादकासारखंच विचारायचं ठरवलं होतं : "एका मजकुरासाठी माहिती हवी आहे. हे कारखान्यात गायचे का?"

त्यानं आवाज खाली आणला.

"तुम्हाला कोणी सांगितलं? साहेबांनी आम्हाला बजावलं होतं, घरी कळता कामा नये."

मी खुर्ची ओढून बसले. का, म्हणून विचारलं.

"म्हणायचे, तिचा कान फार चांगला आहे."

मग मी विचारलं, काय गायचे? म्हणाला, शब्द कोणालाच ऐकू यायचे नाहीत, नुसते ओठ दिसायचे. कसं गायचे? तो घुटमळला. म्हटलं, छापायचंय रे, खरं सांग.

"एकदा लाइट गेली, काकू. मोटर हळूहळू बंद पडत गेली आणि साहेबांच्या लक्षातच आलं नाही. सगळ्या शेडनं अर्धी ओळ ऐकली. ओळ आठवत नाही. सूर... सूर नव्हताच, काकू. हरवलेली म्हैस कोणी शोधत असावं तसं."

मी हसायला लागले. तोही. "साहेबांनी मीटरवर दोनदा टिचकी मारली, जसं काही मीटरनंच आवाज केला. आठ दिवस गायले नाहीत मग. नवव्या दिवशी आम्ही पाहिलं, ओठ हलतायत. आम्हालाही बरं वाटलं."

फोन ठेवला. हसू थांबायला वेळ लागला. नंतर जे आलं तेही थांबायला वेळ लागला.

५ मार्च

आज सकाळी कणीक भिजवून, दूध तापवून पेन्सिल घेऊन बसले. 'हसतमुख' काढला. 'मनमिळाऊ, परोपकारी असे' काढलं. 'सुरेल' काढला. 'आणि ऐकणारे भान विसरून जात' काढलं. समासात लिहिलं — लेखकाला आणि आणखी एकाला विचारून खात्री केली.

उरलं ते असं : आमचे अरविंदराव गात असत.