आमचं मॉड्यूल अंडर सीज

सोमवार, १ सप्टेंबर. न्युरेम्बर्ग.
शी! आज अनुपचा साप्ताहिक रिपोर्ट वाचला. दोन शब्द. 'आल्लेस ग्र्यून.' सगळं हिरवं, सगळं आलबेल. हा रिपोर्ट आहे की भाजीवाल्याची पाटी? आणि बॉस फ्राउ लिंडनर त्यावर खूश! रोज दुपारी थंड पावात थंड चीज घालून खाणारी माणसं, त्यांना भाषेची चव काय कळणार.

टीमलायटरची, म्हणजे टीमच्या प्रमुखाची, जागा ऑक्टोबरमध्ये भरणार. ती माझीच. अनुपही इच्छुक आहे म्हणे, पण पोरगेलाच आहे. माझी अडचण एकच. सुट्या भागांचा हिशेब ठेवणारं माझं सॉफ्टवेअर मॉड्यूल ठणठणीत आहे. कधी बंदच पडत नाही. मग हा मधू हवा कशाला, असं कुणाच्या डोक्यात आलं तर? पुण्याच्या ऑफिसात एक गोष्ट शिकलो. आग आग म्हणून ओरडल्याशिवाय विझवणाऱ्याला कुणी विचारत नाही.

संकल्प: प्रत्येक रिपोर्टमध्ये धोक्याची एक दणदणीत इंग्रजी फ्रेज. शिवाय रोज सकाळी पळायला जाणे.

शुक्रवार, ५ सप्टेंबर.
पळायला गेलो नाही. गुडघा दुखेल असं वाटलं.

रिपोर्ट गेला. 'द मॉड्यूल इज अंडर थ्रेट.' ही फ्रेज सरसकट चालते. वाघ, जंगल, सरकार, मॉड्यूल, काहीही. कुणाकडून धोका ते सांगावं लागत नाही, हा मोठा फायदा.

फ्राउ लिंडनरचं लगेच उत्तर: धोका नेमका कसला, आणि त्यावर मासनामे काय? म्हणजे उपाय. यांना लगेच उपाय हवा! अरे, आधी दोन दिवस काळजी तरी करा. पुण्यात बॉसनं निदान चहाला बोलावलं असतं. वैताग आहे नुसता.

बुधवार, १७ सप्टेंबर.
आज 'अंडर सीज'. याला शत्रू चहूबाजूंनी लागतो, एकट्या-दुकट्याचं काम नाही. म्हणून खर्चावर डोळा ठेवणारे कंट्रोलिंगवाले, नवा सर्व्हर आणि युरोपचे नियम असे तिघे धरले. 'हँगिंग बाय अ थ्रेड' राखून ठेवली आहे. ती अगदी शेवटच्या घटकेला वापरायची. आधीच वापरली की पुढे तुटण्याखेरीज काही उरत नाही.

विभावरीला वाचून दाखवलं. पोळ्या लाटता लाटता म्हणाली, मॉड्यूल चालतंय ना नीट, मग उगाच बोंब कशाला मारतोस? स्वतःच्या बायकोनं असं म्हणावं! पण तीही इथल्या कंपनीत टेस्टिंग करते, डोकं जर्मन झालंय. तनया जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटली आणि मायलेकी हसल्या. मी अर्थ विचारला नाही.

सोमवार, २९ सप्टेंबर.
'हँगिंग बाय अ थ्रेड' वापरून टाकली. अनुपनं परत हिरवं लिहिलं होतं, राहवेना.

आणि परिणाम! फ्राउ लिंडनरनं धोका तपासायला दोन माणसं पाठवली. खास माझ्यासाठी. अगदीच कोरडी माणसं, 'या' आणि 'गेनाऊ', म्हणजे हो आणि बरोबर, याउपर शब्द नाही. मॉड्यूल शेवटचं कधी बंद पडलं, असं विचारलं. मी खिडकीबाहेर बघत म्हणालो, 'वी आर लिव्हिंग ऑन बॉरोड टाइम.' त्यांनी जसंच्या तसं लिहून घेतलं. वाक्य जमलंच होतं तसं.

नंतर कॉफी मशीनपाशी अनुप हळूच म्हणाला, मधूदादा, इथे लिहिलेलं खरं धरतात हो, जरा बेतानं घ्या. तोंडानं दादा म्हणायचं आणि पाय ओढायचे. किळस आली. कॉफी तशीच ओतून दिली.

गुरुवार, ९ ऑक्टोबर.
उद्या मीटिंग. निळ्या शर्टाला इस्त्री केली. आभाराचं भाषण पाठ. टीमलायटर झाल्यावर पहिलं काम: रिपोर्टमध्ये हिरव्या रंगावर बंदी. अनुपला मोठ्या मनानं सांभाळून घेईन.

पळणं सोमवारपासून.

शुक्रवार, १० ऑक्टोबर.
फ्राउ लिंडनरनं सगळ्यांत आधी माझे आभार मानले. म्हणाली, यांच्या प्रामाणिक इशाऱ्यांमुळे आपण वेळेत जागे झालो. इतक्या धोक्यातलं मॉड्यूल चालू ठेवणं बेजबाबदारपणाचं आहे. म्हणून ते डिसेंबरअखेर बंद. त्याच्या जागी बाहेरचं तयार सॉफ्टवेअर, आणि त्याचा टीमलायटर अनुप. माझ्यासाठी कुठे जागा निघते का, ते पेर्सोनालवाले, म्हणजे इथले एचआर, बघतील. निघेलच असं नाही.

मग सगळ्यांनी टेबलावर टकटक केलं. टाळ्यांऐवजी इथे तेच करतात. मीही केलं. शी.

घरी आल्यावर विभावरीनं विचारलं, काय झालं? एवढ्या फ्रेजेस पाठ, पण एकही तोंडातून निघेना. म्हटलं, नोकरीवर गदा आली गं. ती हसली नाही. गॅस बंद केला, समोर येऊन बसली आणि म्हणाली, मग व्हिसाचं काय?

या घरात माझ्यावर एका वाक्यात विश्वास बसला, असं आजच झालं. बसला नसता तर बरं वाटलं असतं.