अमीरपासून कापून ठेवलेली दोन मिनिटे

अल्लाच्या नावाने लिहितो. मी, रहिमतुल्ला दाऊद हमदुले, वय वर्षे पंचाहत्तर, धंदा पूर्वी सिनेमा ऑपरेटर, आता काही नाही, मूळ राहणार मौजे निवेखाडी, जिल्हा रत्नागिरी, सध्या मुक्काम मुलीच्या घरी, सनद, बहरीन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व स्वखुशीने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. साखर आहे, डावा डोळा गेला आहे, पण डोके ठिकाणावर आहे आणि तेच दुःख आहे. ते थोडे हलले असते तर बरेच विसरता आले असते. यापूर्वी इंग्रजीत केलेला कागद मी रद्द करतो. त्यात लिहिलेले सगळे खरे होते, फक्त मुख्य गोष्ट नव्हती.

१. मला इथेच मनामाच्या कब्रस्तानात पुरावे. मय्यत गावी नेण्याचा खटाटोप करू नये. गावी ज्या मातीत माझी आई आहे तिथे जायला मला तोंड नाही.

२. बँकेत जे असेल ते शरियतप्रमाणे वाटावे. माझी एकुलती मुलगी अरीबा हिने दहा वर्षे मला सांभाळले, औषधे वेळेवर दिली, कधी चढ्या आवाजात बोलली नाही. मी मराठीत बोलतो, ती इंग्रजीत उत्तर देते आणि आमचे आजवर अडलेले नाही. मात्र तिला मराठी वाचता येत नाही. म्हणून मनामाच्या नईम भागात राहणारा, शाळेची बस चालवणारा आमचा संगमेश्वरचा संदेश याने हा कागद तिला मोठ्याने वाचून दाखवावा. वाचताना काही गाळू नये. संदेशचा स्वभाव समोरच्याचे मन राखण्याचा आहे. माझाही तोच होता.

३. फिल्म जोडायचे यंत्र, खरवडणी, दोन भिंगे आणि कात्री संदेशला द्यावी. त्याला उपयोग नाही, पण तो फेकणार नाही. जावयाला देऊ नये. तो मोबाईलवर पिक्चर दीडपट वेगाने पाहतो आणि वर सांगतो की वेळ वाचला. वाचलेल्या वेळात तो दुसरा पिक्चर पाहतो.

४. या कलमात देण्यासारखे काही नाही, पण ते वाचल्याशिवाय पुढचे कळणार नाही. १९७१ साली मी इथे एका थिएटरात ऑपरेटर म्हणून लागलो. त्या वेळी अमेरिकन पिक्चर म्हणजे घोटून दाढी केलेला हीरो, शेवटी वाईटाचा नाश आणि बाईचा मुका, जो आम्ही कापायचोच. मग दोनतीन वर्षांत सगळे पालटले. पडद्यावर मळक्या जाकिटातले, दाढी वाढलेले लोक आले. कोणी चोर, कोणी नोकरी सोडलेला, कोणी स्वतःच्या बापाशी न बोलणारा. त्यांना हीरो म्हणायची पंचाईत आणि व्हिलन म्हणवत नसे. ते साहेबाला उलट बोलत, पोलिसाला भीत नसत आणि शेवटी हरत. हे पिक्चर काढणारी पोरे माझ्याच वयाची होती. प्रिंटसोबत येणाऱ्या मासिकात त्यांचे फोटो असत. केस वाढलेले, पायात चपला, आणि बाजूला सुटातला मालक कपाळाला आठ्या घालून उभा. मी ते फोटो केबिनच्या भिंतीला चिकटवले होते. मला वाटे, आपणही त्यांच्यातले. खोटे कशाला लिहू, फोटो चिकटवण्यापलीकडे मी आयुष्यात कसलेच बंड केले नाही.

५. माझ्या कपाटात खालच्या खणात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात फिल्मची एक गुंडाळी आहे, पडद्यावर सुमारे दोन मिनिटांची. माझी मरहूम बायको अख्तरुन्निसा हिने एकदा डब्याबद्दल विचारले, तेव्हा मी तिच्यावर ओरडलो. लग्नाच्या एकतीस वर्षांत तेवढे एकदाच. त्या गुंडाळीत काय आहे ते आता लिहितो.

१९७६ च्या जुलैत एक पिक्चर आला. एक ट्रक ड्रायव्हर मालकाच्या जाचाला कंटाळून त्याचाच ट्रक घेऊन समुद्राकडे पळतो. शेवटी पेट्रोल पंपावर पोलीस त्याला गोळ्या घालतात. तो खाली पडतो, पाण्याचा नळ तसाच चालू राहतो, पिक्चर संपतो. पहिल्या शुक्रवारी हॉल आपल्या लोकांनी भरला होता, सगळे कामगार. ड्रायव्हर पडल्यावर लोक एवढे भडकले की सात खुर्च्या मोडल्या आणि पडद्यावर बाटली आली. थिएटरचा मालक केबिनमध्ये आला. मरण काढ, रस्ता ठेव, म्हणाला, आणि बाहेर कुणाला बोलू नकोस. मी कात्री घेतली. ट्रक सरळ रस्त्याने लांब जातो तिथे कापले आणि पुढचे नावांचे रीळ जोडले. जोड इतका साफ बसला की मला स्वतःचे कौतुक वाटले. प्रिंट परत पाठवताना कापलेले पुन्हा जोडून द्यायचे, असा आमच्या धंद्याचा रिवाज होता.

महिन्याभराने त्याच पिक्चरच्या दिग्दर्शकाची मुलाखत मासिकात आली. वय सत्तावीस, मीही सत्तावीस. डिक्शनरी घेऊन मी ती वाचली. कंपनीने त्याला ड्रायव्हर जिवंत ठेवायला सांगितले होते. हा म्हणाला, माझे नाव काढा, पण शेवट काढू देणार नाही. सहा महिने भांडला आणि जिंकला. तोच शेवट मी पाच मिनिटांत काढला होता आणि मला भांडणही करावे लागले नव्हते.

६. माझा धाकटा भाऊ अमीर इथेच, अस्कर गावाच्या बाजूला एका वर्कशॉपमध्ये वेल्डर होता. वय तेवीस. पासपोर्ट मुकादमाकडे, दोन वर्षे रजा नाही, हातावर भाजल्याचे डाग. पहिल्या शुक्रवारी त्याची शिफ्ट होती, म्हणून त्याने पिक्चर पाहिला तो माझा कापलेला. मग तो दर शुक्रवारी आला. पाचव्या वेळी शो सुटल्यावर केबिनमध्ये येऊन बसला. चेहरा असा उजळलेला की मी त्याला ओळखीना. त्याने विचारले, "भाय, तो पुढं खंय गेला असंल?"

कापलेली फिल्म त्याच्या मागच्या फळीवर होती. हात लांबवला असता तर मिळाली असती. मी म्हणालो, "सुटला तो. खलास."

पुढच्या बुधवारी दुपारी अमीर कामावरून निघाला तो परत गेला नाही. कागदपत्र न विचारणाऱ्या एका मच्छीमार लाँचवर चढला. त्याला मोठ्या बंदरावर जाऊन जहाज धरायचे होते, एवढे नंतर त्याच्या खोलीतल्या माणसाने सांगितले. वारा उठला, लाँच उलटली. चौथ्या दिवशी अस्करच्या किनाऱ्यावर तो सापडला. पोलिसांनी मला नेले. हातावरच्या डागांवरून मी सांगितले की होय, हा माझा भाऊ. दफनाला आम्ही सहा जण होतो, गावचे कोणी नाही. त्याच आठवड्यात प्रिंट परत गेली. ती दोन मिनिटे जोडायला माझा हात धजला नाही.

गोळ्या पाहून तो थांबला असता की नाही, मला माहीत नाही. कदाचित तरीही गेला असता. पण जाण्याआधी त्याने मला विचारले होते, आणि खरे उत्तर जगात त्या वेळी माझ्या एकट्याकडे होते. मी त्याचा चेहरा पडेल म्हणून दिले नाही. याची माफी मी कोणाकडे मागू? डबा माझ्याबरोबर पुरू नये. संदेशने फिल्म जाळावी.

७. निवेखाडीच्या घराबद्दल. दफन करून आलो आणि आईला पत्र लिहिले की अमीरला अमेरिकेच्या जहाजावर काम मिळाले, तो मजेत आहे. म्हणजे तिथेही मरण काढले, रस्ता ठेवला. या वेळी सांगायला मालक नव्हता. आई निरक्षर, पत्र वाचून दाखवायची शरीफुन्निसा. ती आमच्या खालाची, म्हणजे मावशीची मुलगी, अमीरशी तिचे ठरलेले होते, वय एकोणीस. नंतर चार वर्षे मी अमीरच्या नावाने पत्रे लिहिली. मग लिहवेना, तेव्हा कळवले की तो कामात असतो, माझ्याकडून खुशाली समजते. आई १९८८ ला त्याचे नाव घेत गेली. शरीफुन्निसाने आलेली तिन्ही स्थळे परत पाठवली. आईचे तिनेच केले. आज ती सदुसष्ट वर्षांची आहे आणि त्याच घरात एकटी राहते.

ती शरियतप्रमाणे माझी वारस नाही. म्हणून वारसाबाहेर द्यायचा मला ज्या एक तृतीयांशावर हक्क आहे, त्यातून ते घर व मागची आंब्याची आठ कलमे मी तिला देतो. अरीबाने आड येऊ नये. तिने स्वतः रत्नागिरीला जावे, शरीफुन्निसाच्या शेजारी बसावे आणि कलम सहा व सात तिला सांगावीत. फोनवर सांगू नये, व्हॉट्सअॅप करू नये.

मी हे जिवंतपणी का सांगत नाही, असे साक्षीदार म्हणून बोलावल्यावर संदेशनेही विचारले. तो म्हणाला, "चाचा, आत्ताच लावू का फोन?" मी नको म्हटले. मी भित्रा माणूस आहे. तिची अठ्ठेचाळीस वर्षे माझ्यामुळे गेली, हे तिच्या तोंडून ऐकायची माझ्यात ताकद नाही.

८. परवा शुक्रवारी शरीफुन्निसाचा फोन आला. तीही आपला कागद करते आहे. वकील घरी बसला होता. आईने दिलेल्या बांगड्या आणि विहिरीजवळचा तिच्या वाट्याचा तुकडा तिने अमीरच्या नावे लिहिला आहे. ती म्हणाली, "भाय, वकील म्हणतो नावापुढं पत्ता लागतो. त्याचा काय लिवू?"

मी म्हणालो, शोधून सांगतो.

ती म्हणाली, "सावकाश सांगा. मला घाई नाय."

तो पत्ता मी इथे देतो, तिच्या वकिलाने उतरून घ्यावा. अमीर दाऊद हमदुले, मनामा कब्रस्तान, पश्चिमेच्या भिंतीपासून तिसरी ओळ, अकरावी कबर. दगडावर नाव नाही. २९ ऑगस्ट १९७६ पासून तो तिथेच आहे.

वरील सर्व मी लिहिले, पुन्हा वाचले आणि या खेपेस कुठेही काहीही कापलेले नाही.

ठिकाण : सनद, बहरीन
तारीख : १७ नोव्हेंबर २०२४

(सही) रहिमतुल्ला दाऊद हमदुले

आमच्या समक्ष सही केली. दोन वेळा पेन खाली ठेवून तिसऱ्या वेळी केली.

साक्षीदार :
१. (सही) संदेश गुंडू कदम, राहणार नईम
२. (सही) नुमान अब्दुल गफूर मुकादम, राहणार मनामा