ब्रँडमध्ये न बसणारा हिरवा

राजपुरा, बुऱ्हाणपूर
मंगळवार, सकाळ

ती. स्व. निरंजनराव यांस,

धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे दिगंबरचा, दोन्ही हात जोडून नमस्कार. धूलकोटला आपली, वहिनींची आणि केळीच्या बागेची प्रकृती उत्तम असेल असं धरून चालतो. गुडघा कसा आहे? मागच्या उन्हाळ्यात तुम्ही एरंडाची पानं बांधत होता असं कळलं होतं. (कोणाकडून कळलं ते विचारू नका, आमच्या धंद्यात सगळ्यांच्या प्रकृतीच्या बातम्या आपोआप येतात.) पत्र पाहून चकित झाला असाल. या काळात पत्र कोण लिहितं? पण तुमच्या मोबाइलवर सकाळी सकाळी आमच्या दुकानाचं नाव उमटलं की दिवस फुकट जातो, म्हणून तुम्ही माझा नंबर बंद करून ठेवला आहे, हे मला ठाऊक आहे. माझी तक्रार नाही. मी तुमच्या जागी असतो तर मीही हेच केलं असतं. म्हणून हे पत्र धूलकोटच्या बसवाल्याच्या हाती देतो आहे. पाकिटावर दुकानाचं नाव घातलेलं नाही, तेव्हा निर्धास्तपणे घरात न्या.

लीलाची तब्येत आहे तशीच आहे, म्हणजे चांगली नाही. इंदूरच्या डॉक्टरांनी दिवाळीनंतर सांगितलं की आता घरी न्या, जे खावंसं वाटेल ते द्या. तिला काही खावंसं वाटत नाही, त्यामुळे तेही काम वाचलं. वरच्या खोलीत खिडकीशी पलंग लावला आहे. जिन्यात पाऊल वाजलं की ती मान वळवते, मग मी आहे असं पाहून परत खिडकीकडे करते. एकतीस वर्षं झाली लग्नाला, आणि तुम्ही एकदाही तो जिना चढला नाहीत. भाऊबीजेला रस्त्यापलीकडे रिक्षात बसून बहिणीला बोलावून घ्यायचात आणि तिथेच ओवाळून घ्यायचात. रिक्षावाल्याचं मीटर चालू, तबकातली वात वाऱ्याने विझते आहे, आणि मी इकडे गल्ल्यावर बसून पाहतो आहे. मयताच्या सामानाच्या दुकानातून जिना जातो, त्याला मी काय करणार? वडिलांनी बांधला तेव्हा मला विचारलं नव्हतं.

असो. पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. ते म्हणजे रंग.

तेजस्विनी पुण्याहून डिझाइनचं शिकून आली, हे तुम्हाला माहीत असेल. तिची तिकडची नोकरी चांगली होती. आईसाठी सोडून आली आणि घरी बसून लॅपटॉपवर कोणाकोणाच्या जाहिराती करते. आता माणूस आजाऱ्याजवळ चोवीस तास बसू शकत नाही, आणि लीलाही तिला बसू देत नाही. मग पोरगी खाली उतरली आणि दुकानाकडे पाहिलं. मला म्हणाली, “पप्पा, अपना कोई ब्रँडच नाहीये.” मी म्हटलं, बाई, आपल्याकडे येणारा माणूस ब्रँड बघून येत नाही, जवळ कुठे आहे ते बघून येतो. तिने ऐकलं नाही. वही घेऊन समोर बसली आणि विचारलं की ग्राहकाला आपल्या दुकानात आल्यावर काय वाटायला पाहिजे. मी खरं ते सांगितलं, की तो रडतच आलेला असतो, त्याला आणखी काही वाटायला जागा उरलेली नसते. तिने वहीत लिहिलं, ‘शांत’.

मग रंग निवडायचं सुरू झालं. निरंजनराव, तुम्ही लेकीसाठी स्थळं पाहिलीत तेव्हा जेवढी चर्चा झाली नसेल तेवढी चर्चा आमच्याकडे राखाडी रंगावर झाली. रंगाला नाव असतं हे मला माहीत होतं, पण नंबरही असतो हे नव्हतं. सहा आकडी-अक्षरी नंबर, गाडीच्या पाटीसारखा. एक मुख्य रंग, एक त्याचा सोबती, एक उठाव आणणारा, एक लिहिण्यासाठी. शंभरातला साठ भाग एकाला, तीस दुसऱ्याला, दहा तिसऱ्याला. (आमच्या वडिलांनी दुकान उघडलं तेव्हा उरलेल्या निळ्या ऑइलपेंटमध्ये पाटी रंगवली होती, त्यात शंभरातला शंभर भाग निळ्याला गेला आणि कोणी मरायचं थांबलं नाही.) शेवटी चार रंग ठरले. हस्तिदंती, राखाडी, जांभळट राखाडी, आणि लिहायला कोळशासारखा काळा. लाल बाद, कारण लाल म्हणजे सेल. गुलाबी बाद. पोपटी हिरवा तर पहिल्याच दिवशी बाद. या चौघांच्या बाहेरचा एकही रंग दुकानात दिसता कामा नये असं तिने मला बजावलं. लीलाला लॅपटॉप वर नेऊन दाखवला. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, “चांगलं आहे वं माय, पण मेल्यासारखं दिसतं.” पोरगी हसली नाही. मी हसलो, मग मलाही बरं वाटलं नाही.

शटर हस्तिदंती झालं. पाटी राखाडी झाली, त्यावर बारीक काळी अक्षरं. इतकी बारीक की रस्त्यावरून वाचता येत नाहीत. (तेजस्विनी म्हणते, याला सभ्यपणा म्हणतात.) परिणाम काय झाला ऐका. पहिल्याच आठवड्यात दोन बायका आत आल्या आणि भुवया करायचे किती घेता म्हणून विचारू लागल्या. एक सद्गृहस्थ अर्धा किलो पेढे मागून गेले. आणि एका मुलीच्या बापाने तर नवे हस्तिदंती डबे पाहून दोनशे नगांची ऑर्डर दिली, साखरपुड्यात सुकामेवा भरून वाटायला. मी त्यांना डब्यावरचं बारीक काळं वाचायला सांगितलं. त्यांनी वाचलं, डबा खाली ठेवला, चप्पल हातात घेतली आणि गेले. घरी जाऊन आंघोळ केली असणार.

आता त्या डब्यांबद्दल. तुम्ही दुकानात कधी आला नाहीत, म्हणून सांगतो. मी तीस वर्षं गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारत आलो, “पांढरं की हिरवं?” कोण गेलं, कसं गेलं, वय काय, काही विचारायचं नाही, वडिलांची तशी शिकवण होती. पुरुष असेल किंवा विधवा असेल तर पांढरं. नवरा मागे ठेवून गेलेली सवाष्ण असेल तर हिरवं, म्हणजे हिरवं लुगडं, हिरव्या बांगड्या, हळद, कुंकू, फणी. पांढरं म्हणणारे चटकन म्हणतात. हिरवं म्हणणारा बहुतेक वेळा नवराच असतो, आणि तो शब्द त्याच्या तोंडून निघेपर्यंत मी सुतळी कापत बसतो, कारण तेवढ्यात त्याच्याकडे बघायचं नसतं. दोन्ही गाठोडी फळीवर समोरासमोर असायची, लांबूनही ओळखू यायची. आंधळ्याने उचललं तरी चुकलं नसतं.

तेजस्विनीने सगळं डब्यात घातलं. दोन्ही डबे हस्तिदंती, सारख्याच आकाराचे, कोपऱ्यात एक बारीक ठिपका. पांढऱ्याला राखाडी ठिपका, हिरव्याला जांभळट राखाडी. मी म्हटलं, मला यात फरक दिसत नाही. ती म्हणाली, नीट बघा. मी नीट बघितलं. माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे आणि दुकानात एक ट्यूबलाइट. मला दोन ठिपके दिसले, एवढं खरं.

मागच्या गुरुवारी सकाळी एकाच वेळी दोन घरची माणसं आली. कडूबाबा गेले होते, केळीवाले, विधुर, ब्याऐंशी वर्षांचे. आणि इकडे चार गल्ल्या सोडून मालूबाई गेल्या, त्यांचे यजमान सुरेशबाबा स्वतःच आले होते. मी विचारलं, दोघांनी उत्तर दिलं, मी ठिपके पाहिले आणि डबे दिले. उलटे दिले.

कडूबाबांच्या घरी डबा उघडला तेव्हा आतून हिरवं लुगडं, डझनभर बांगड्या आणि फणी निघाली. (कडूबाबांना चाळीस वर्षांपासून टक्कल होतं.) असं म्हणतात की म्हाताऱ्याकोताऱ्यांतल्या एकीला हसू फुटलं, आणि मग सगळ्या पदर तोंडात घालून हसल्या, रडता रडता. मुलगा डबा घेऊन आला तेव्हा मला वाटलं आता हा मारणार. तो म्हणाला, “भाऊ, बाबा असते तर लुगडं ठेवून घेतलं असतं, फुकट आलंय म्हणून.” तिथे मी सुटलो.

सुरेशबाबा मात्र एकटेच चालत आले. डबा छातीशी धरलेला, झाकण उघडं, आत पांढरं कापड. ओरडले नाहीत. बाकड्यावर बसले आणि म्हणाले, “दिगंबरभाऊ, मी अजून आहे ना?” मी म्हटलं, आहात बाबा, आहात. ते म्हणाले, “बरं झालं तिनं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर जाता जाता माझीच काळजी करत बसली असती.” मी हिरवं काढून दिलं. डब्यात घातलं नाही, तसंच हातात दिलं. त्यांनी लुगड्यावर एकदा हात फिरवला, रंग बरोबर आहे का ते पाहिल्यासारखा, आणि उठून गेले.

मग मी तेजस्विनीवर ओरडलो. जिन्याच्या तोंडाशीच उभी होती. तोंडाला येईल ते बोललो, पुण्याचं शिक्षण काढलं, लॅपटॉप काढला, म्हटलं मयताच्या दुकानातली पोर तू, तुला पांढरं-हिरवं कळत नाही? ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, “सब मालूम है, पप्पा. वो हरा मुझसे देखा नहीं जाता. रोज वर जाताना ते गाठोडं दिसतं. म्हणून डबे सारखे केले. उघडल्याशिवाय कळायला नको, आत क्या है.”

तिने रंग निवडले नव्हते, एक रंग घरातून काढला होता. आणि मी महिनाभर तिची थट्टा करत होतो. मला त्या वेळी माझी जितकी लाज वाटली तितकी कधी वाटली नव्हती. त्यात जिन्याचा दरवाजा उघडा, आणि वरून लीलाचा आवाज, की काय चाललंय रे, मला पण सांगा. तिने सगळं ऐकलेलं होतं.

सध्या अशी तडजोड आहे की शटर हस्तिदंतीच राहील, कारण दुसऱ्यांदा रंगवायची माझ्यात ताकद नाही. डबे पाठीमागे गेले. यादीत पाचवा रंग पोपटी हिरवा आला, त्याचा नंबर तेजस्विनीने स्वतः टाकला. बाकी चारांना तिने नावं दिली आहेत, त्याच्या नावाची जागा कोरी ठेवली आहे. गाठोडं फळीवर परत आलं. ती आता जिना चढताना त्याच्याकडे बघते, मी पाहिलंय. भराभर चढते, पण बघते.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला थंडी लागू देऊ नका.

आपला,
दिगंबर

ता. क. – रंगांचं एवढं पुराण लावलं, पण काम निराळंच होतं. सवाष्णीच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडतं, ही रीत तुम्हाला मी सांगायला नको. ते आणायचं काम भावाचं. मी दुकानातून काढून देऊ शकतो, फळीवर ढीग आहे, पण लीला म्हणते दुकानातलं अंगाला लावू नका. आणि हिरवं तर नकोच म्हणते, जन्मभर तेच दुकानातून जाताना पाहिलं. तिला वांगी रंगाची साडी हवी आहे, बारीक काठाची. आणि ती नंतर नको आहे, आता हवी आहे, नेसून बसायचंय म्हणते. धूलकोटला मिळाली नाही तर इथे बाजारात मिळेल, पण घेणारे हात तुमचे पाहिजेत.

ता. क. २ – जिन्याचं मी पाहून ठेवलं आहे. तुम्ही येणार त्या दिवशी दुकान बंद ठेवतो आणि फळ्यांवर चादरी टाकतो. तुम्ही डोळे मिटून चढा, मी हात धरतो, अठरा पायऱ्या आहेत.

ता. क. ३ – पत्र लीलाला वाचून दाखवलं. कडूबाबांच्या फणीला ती हसली, बऱ्याच दिवसांनी. मग म्हणाली, साडीचं खोडून टाका. दादा रंग निवडत बसेल, दोन दुकानं फिरेल, वहिनीला विचारेल. तेवढा वेळ नाही. त्याला म्हणावं, तसाच ये.